चौथ्या रेघेचा चार्ज

दुम्यात,
ऑगस्टचा पहिला आठवडा

आदरणीय हाज फहीम यांस,

तुमच्यावर, तुमच्या घरावर, गच्चीवरच्या कबुतरांवर आणि यंदाच्या इस्माइलियाच्या आंब्यांवर अल्लाची कृपा असो. गुडघा कसा आहे? मी डाव्या गुडघ्याबद्दल विचारतो आहे. उजव्याची हकिगत तुम्ही मागच्या फोनवर पाऊण तास सांगितली, ती मला पाठ आहे. हाज्जा वहिनींचा रक्तदाब आणि नातवंडांचे निकाल, दोन्ही फार वर गेले नसतील अशी आशा करतो. इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत. (पत्रात असंच लिहायचं असतं म्हणून लिहिलं. बायकोचे, समीहाचे, दात दुखताहेत आणि घरमालकानं जिना रंगवायला काढून तीन आठवडे तसाच सोडला आहे, पण याला खुशालीच म्हणायचं.) फोन करायचं सोडून पत्र का, असं तुम्ही विचाराल. फोनवर तुम्ही बोलता आणि मी ऐकतो, ही आपली चाळीस वर्षांची पद्धत आहे. ती मोडायची माझी इच्छा नाही, पण यावेळी मला सगळं सांगायचं आहे, म्हणून कागद घेतला.

तर मी निवृत्त झालो. म्हणजे वयानं जूनच्या अखेरीस झालो, कागदावर मात्र परवा झालो, आणि हे पत्र त्या मधल्या दिवसांबद्दल आहे. तुम्हाला ठाऊकच आहे की आपल्या खात्यात माणूस साठ वर्षांचा झाला म्हणून सुटत नाही. त्याच्या ताब्यातली प्रत्येक वस्तू समितीनं बघून, मोजून, रजिस्टरातल्या नोंदीशी ताडून चार्ज उतरवला की मग ना-हरकत दाखला मिळतो, आणि तो मिळेपर्यंत माणूस घरीही नसतो आणि नोकरीतही नसतो. मुलींच्या शाळेच्या प्रयोगशाळेचा चार्ज तुम्ही मला दिलात त्याला बावीस वर्षं झाली. तेव्हा तुम्ही मला कपाटांच्या किल्ल्यांबरोबर एक गुपितही दिलं होतं, की जी वस्तू कपाटातून बाहेरच निघत नाही ती फुटत नाही. हाज फहीम, मी तुमचा शब्द कुराणाखालोखाल मानला. बावीस वर्षांत दोन परीक्षानळ्या सोडल्या तर माझ्या हातून काही गेलं नाही, आणि त्या दोन नळ्याही मांजरानं पाडल्या, तसा पंचनामा फायलीत आहे. भौतिकशास्त्राच्या बाई कधी काही मागायला आल्या, तर मी त्यांना खुर्ची देऊन, चहा पाजून, उपकरण फुटल्यास कोणता फॉर्म किती प्रतींत भरावा लागतो हे इतकं सविस्तर समजावत असे की त्या चहा संपवून वर्गात जात आणि फळ्यावर चित्र काढत. मुली चित्रावरून शिकत. निकाल चांगला लागे. कुणाचंच काही अडत नव्हतं.

समिती तिघांची होती. अध्यक्ष उस्ताज रमझी, भांडार विभागाचे. माणूस सज्जन आहे, पण रजिस्टरात जे लिहिलं आहे ते जगात असलंच पाहिजे, आणि जगात जे आहे ते रजिस्टरात लिहिलेलं असलंच पाहिजे, अशी त्यांची श्रद्धा. दुसरे उस्ताज लबीब, भौतिकशास्त्राचे निरीक्षक, जाड भिंगांचे, एकतीस वर्षं फक्त खडू आणि फळा यांच्या जोरावर सगळं विश्व शिकवलेले. तिसऱ्या मॅडम अफाफ, टिपण लिहायला. त्यांचा चष्मा आदल्या शुक्रवारी रास अल-बरच्या किनाऱ्यावर वाळूत राहिला होता, आणि त्या कागद नाकाला लावून लिहीत होत्या. तिघांची वयं मिळवली तर पावणेदोनशे होतील आणि माझं धरलं तर विचारूच नका. शाळेला सुट्टी, मुली नाहीत, शिक्षक नाहीत, जुलैची गरमी आणि आम्ही चौघं. पाचवी उम्म हिशाम, शाळेची शिपाईण, ती दर तासाला चहा आणून द्यायची आणि कपाटं पुसायची.

पहिले तीन दिवस काम सुरळीत चाललं. एकदाच अडलं, ते सांगाड्यापाशी. रजिस्टरात 'मानवी सांगाडा, प्लास्टिकचा, एक, हाडे दोनशे सहा' अशी नोंद आहे. (हाज फहीम, 'सांगाडा एक' एवढं लिहून भागलं असतं. पण तुमचं अक्षर चांगलं, त्यामुळे तुम्हाला लिहायची हौस.) उस्ताज रमझींनी ती हाडं मोजली. सगळी मोजली. कानातली तीन-तीन इवली हाडं प्लास्टिकवाल्यांनी केलेलीच नव्हती, त्यावर पाऊण दिवस गेला, शेवटी 'कान नोंदीत समाविष्ट नाहीत' असा शेरा मारून आम्ही पुढे सरकलो. मला तेव्हाच कळायला हवं होतं की पुढे काय वाढून ठेवलं आहे.

चौथ्या दिवशी नोंद क्रमांक एकशे एक्केचाळीस निघाली. मॅडम अफाफनी ती नाकाला लावून वाचली आणि मी इथे शब्दशः उतरवतो, कारण ती तुमच्या हातची आहे. 'हायड्रोजनचा दिवा, काचेचा, एक. चार रेघा देतो: लाल एक, हिरवट निळी एक, जांभळ्या दोन. तपासले, बरोबर आहे. फहीम.' खाली दरवर्षीच्या तपासणीत माझ्या बावीस सह्या, प्रत्येकीपुढे 'तपासले, बरोबर आहे.' मी वरच्या फळीवरून खोका काढला. खोका पूर्व जर्मनीतला. आता तो देश राहिला नाही, त्यामुळे तक्रार करायची तर कुठे करायची हाही प्रश्नच होता. झाकणावर आडवी कागदी पट्टी, तिच्यावर कारखान्याचा शिक्का, आणि ती पट्टी, हाज फहीम, जशीच्या तशी होती. कुणीही, कधीही फाडलेली नव्हती. उस्ताज रमझी हे बघून फार खूश झाले. इतकी निष्ठेनं सांभाळलेली वस्तू आपण आयुष्यात पाहिली नाही असं म्हणाले. मी त्या पट्टीकडे बघितलं, मग रजिस्टरातल्या 'तपासले' या शब्दाकडे बघितलं, आणि खोक्यावरची धूळ पुसली. (मी तुम्हाला काही विचारत नाही. मी स्वतः बावीस वेळा तेच केलं आहे.)

उस्ताज रमझींचं म्हणणं सरळ होतं. नोंदीत चार रेघा आहेत, तर चार रेघा मोजून घ्यायच्या. दिवा पेटवायचा ठरला. शिशाच्या पेन्सिलीएवढी काचेची नळी, दोन टोकांना पितळेच्या टोप्या, तिला जास्त दाबाची वीज देणारी पेटी वेगळी. सूचनापत्रात लिहिलं होतं की अर्धं मिनिट लावा, अर्धं मिनिट थांबा, नाहीतर नळी तापते. बटण मी दाबलं. दाबण्याआधी तीनदा बिस्मिल्ला म्हटलं हे कबूल करतो, कारण फुटली असती तर माझ्याच चार्जमध्ये फुटली असती, तेही शेवटच्या दिवशी. ती फुटली नाही. ती गुलाबी झाली. लग्नात गुलाबाचं सरबत देतात ना, अगदी तसा रंग, नळीच्या मधोमध उभा. आम्ही चौघं बघत राहिलो. मला तो रंग फार आवडला. मग अर्धं मिनिट संपलं आणि उस्ताज रमझी म्हणाले की हे गुलाबी आहे, नोंदीत गुलाबी नाही. दिवा बदलला तर नाही ना?

आता हा माझ्या इभ्रतीचा प्रश्न झाला. बावीस वर्षं ज्या माणसानं एक टाचणी हरवली नाही, त्यानं निवृत्त होताना सरकारी हायड्रोजन बदलून दुसराच काहीतरी भरला, असं दुम्यातमध्ये पसरलं असतं तर मला मशिदीत पहिल्या रांगेत उभं राहता आलं नसतं. मी उस्ताज लबीबांकडे बघितलं. त्यांनी खडू हातात घेतला, आणि हातात खडू आला की त्यांचा आवाज बदलतो. ते म्हणाले की गुलाबी हा रंगच नाही, ते मिश्रण आहे. स्पेक्ट्रोस्कोपच्या नळीतून बघितलं की त्याच्या वेगवेगळ्या रेघा दिसतील. मग त्यांनी इलेक्ट्रॉनची गोष्ट सांगितली. ती मी इतक्या वर्षांत भिंतीपलीकडून शंभर वेळा ऐकली असेन, पण लक्ष देऊन त्या दिवशी प्रथमच ऐकली, आणि आश्चर्य म्हणजे मला कळली.

ती आपल्या खात्यासारखीच आहे. माणूस चौथ्या श्रेणीत असतो किंवा तिसऱ्या. साडेतिसऱ्या श्रेणीत कुणी नोकरी करत नाही. इलेक्ट्रॉनही तसाच, ठरलेल्या श्रेणींतच बसतो, अधेमधे त्याला जागा नाही. वर चढवायचं तर बाहेरून जोर लागतो (आपल्याकडे तो कुणाचा लागतो हे आपण दोघं जाणतो, दिव्यात तो विजेचा लागतो). वर गेला की तिथे तो टिकत नाही, लगेच खाली येतो, आणि खाली येणारा कुठलाही माणूस गप्प येत नाही, काहीतरी बाहेर टाकतोच. साहेब लोक शिव्या टाकतात. इलेक्ट्रॉन उजेड टाकतो. जेवढ्या उंचीवरून पडला तेवढा त्याचा रंग ठरलेला. तिसरीतून दुसरीत आला तर लाल. चौथीतून आला तर हिरवट निळा. पाचवीतून आला तर जांभळा, आणि सहावीतून दुसरीत पडला तर आणखी गडद जांभळा, ती चौथी रेघ. एकच फरक आहे. आपल्याकडे सहावी श्रेणी सगळ्यात खालची असते, अणूमध्ये ती वरची. उस्ताज रमझींना हे आवडलं नाही. सहावी श्रेणी वर असेल तर त्या खात्याला शिस्त नाही, असं त्यांचं मत पडलं, पण ते टिपणात घेऊ नका असं त्यांनी मॅडम अफाफना सांगितलं.

खिडक्यांवर मी चादरी टांगल्या. खोलीत अंधार झाला आणि गरमी दुप्पट झाली. स्पेक्ट्रोस्कोप माझ्याच कपाटातला, त्याची पिशवीसुद्धा कधी उघडलेली नव्हती. त्याला एक नळी, नळीत बघितलं की मधे एक उभा बारीक केस दिसतो, आणि बाजूला एक चक्री. ती फिरवली की केस सरकतो आणि तो ज्या रंगावर असेल त्याचा आकडा चक्रीवर येतो. उस्ताज रमझींनी डोळा लावला, मी बटण दाबलं, आणि ते म्हणाले लाल, आहे. मग म्हणाले हिरवट निळी, आहे. मग जांभळी, एक. मग चक्री पुढेमागे फिरवत राहिले. अर्धं मिनिट संपलं. पुन्हा लावलं. पुन्हा तीन. मॅडम अफाफना तीन. उस्ताज लबीबांना चष्म्यासकट तीन, चष्मा काढून अडीच. शेवटी मी बघितलं.

हाज फहीम, ही लाल रेघ तुम्ही बघायला हवी होती. काळ्या अंधारात एवढीशी, सुईसारखी सरळ, आणि इतकी लाल की पुढच्या रेघा मोजायच्याच राहिल्या. तिच्या शेजारची हिरवट निळी, नदी समुद्राला मिळते तिथल्या पाण्याची. मग जांभळी, बारीक. त्यापुढे अंधार. मी अंधारात खूप वेळ बघितलं. तिथे माझ्यासाठी काही नव्हतं.

तिथून पुढचे दोन तास मी कसे काढले ते माझं मलाच माहीत. उस्ताज रमझी म्हणाले की नोंदीत चार, प्रत्यक्षात तीन, तूट एक. चौथी रेघ कुठे गेली याचं स्पष्टीकरण ताबेदारानं, म्हणजे मी, लेखी द्यायचं. मॅडम अफाफनी विचारलं की वापरानं रेघ झिजते का. उस्ताज लबीब म्हणाले की नाही, आणि पट्टी तर फाडलेलीच नव्हती, वापर कसला? मग ती गळून गेली असेल का, असं मॅडम अफाफ म्हणाल्या. उस्ताज लबीबांनी पुस्तक उघडून दाखवलं की चार असतात, छापलेल्या आहेत. उस्ताज रमझी म्हणाले की पुस्तकाचा चार्ज आम्हाला घ्यायचा नाही, दिव्याचा घ्यायचा आहे. मी भिंगं पुसली. चादरींच्या कडा टाचण्यांनी बंद केल्या. दिव्याची दोन्ही टोकं उलटी करून बघितली. तीन. मला स्वतःची इतकी लाज वाटली की घाम पुसायचं निमित्त करून मी कपाटामागे जाऊन उभा राहिलो. सांगाडा, तराजू, लोहचुंबक, सगळं पदरात नीट घालून दिलं आणि मी एका रेघेपायी चोर ठरणार होतो, आणि तीही अशी रेघ की जी मी बावीस वर्षं आहे म्हणून लिहिलं आणि एकदाही बघितली नाही.

अशा वेळी उम्म हिशाम चहा घेऊन आली. अंधार बघून तिला वाटलं की कुणाला घेरी आली. मग तो गुलाबी दिवा बघून तिनं ट्रे खाली ठेवला आणि मलाही बघू द्या म्हणाली. उस्ताज रमझी नाही म्हणून मान हलवत होते, पण ती तोवर वाकली होती. मी बटण दाबलं. ती ओढणीचं टोक दातात धरून म्हणाली, "डाळिंबाची एक, मोरचुदाच्या पाण्यासारखी एक, आणि वांग्याच्या रंगाच्या दोन. ती कडेची फार नाजूक आहे हो."

उस्ताज रमझींनी विचारलं की तुला कुणी सांगितलं. ती म्हणाली, कोण सांगणार, समोर आहे की. तेव्हा मला आठवलं की मागच्या रमजानच्या आधी तिच्या दोन्ही डोळ्यांतला मोतीबिंदू काढला होता, आणि तेव्हापासून ती आम्हाला वेड लावत होती की अंगणातल्या वेलीची फुलं कुणी नव्यानं रंगवली का, निळी जरा जास्तच निळी दिसतात. उस्ताज लबीबांनी टाळी वाजवली. म्हातारपणी डोळ्यातलं भिंग पिवळं पडतं, ते जांभळा आत येऊ देत नाही; हिचं पिवळं भिंग काढून टाकलं आहे, म्हणून हिला दिसतं. आपल्या चौघांच्या डोळ्यांत तूट आहे, दिव्यात नाही, असं ते म्हणाले, आणि हे वाक्य मला इतकं आवडलं की मी त्यांना खुर्ची दिली.

उस्ताज रमझी मात्र सहजासहजी मानणाऱ्यांतले नव्हते, आणि त्यांचंही बरोबर होतं. उम्म हिशाम म्हणते म्हणून रेघ कशी मांडायची? मग उस्ताज लबीबांनी एक युक्ती काढली. चक्रीवर त्यांनी आपला रुमाल टाकला, म्हणजे आकडा तिला दिसू नये. तिला सांगितलं की चक्री फिरव आणि तो उभा केस तुझ्या नाजूक रेघेवर बरोबर आणून ठेव. तिनं कणीक मळताना करते तसे ओठ आवळून फिरवलं आणि म्हणाली, बसला. उस्ताज लबीबांनी रुमालाखाली डोकं घातलं. चारशे अकरा. पुस्तकात चारशे दहा. चक्री उलटी फिरवून पुन्हा करायला लावलं. चारशे दहा. तिसऱ्यांदा चारशे दहा. उस्ताज लबीब रुमालाखालून बाहेर आले तेव्हा त्यांचे डोळे भरलेले होते. एकतीस वर्षं शिकवलं, ते म्हणाले, आणि आज पहिल्यांदा खरं निघालं.

आता खरं म्हणजे संपलं होतं. पण समितीच्या कागदावर 'आम्ही खाली सही करणाऱ्यांनी समक्ष पाहिले' असं छापलेलं असतं, आणि उम्म हिशाम काही समितीत नव्हती. ती सहाव्या श्रेणीतली, सही करण्यालायक श्रेणी तिसरीपासून सुरू होते. तेव्हा उस्ताज रमझींनी पुन्हा डोळा लावला. खूप वेळ लावला, आणि म्हणाले की हो, आता लक्षात आलं, आहे. मॅडम अफाफ चष्म्याविना वाकल्या आणि म्हणाल्या की अगदी स्पष्ट आहे. उस्ताज लबीब म्हणाले की आहे, असणारच. सह्या झाल्या. कागद माझ्यापुढे आला. ताबेदाराची सही शेवटची असते. मी पुन्हा वाकलो. लाल, हिरवट निळी, जांभळी, आणि मग तोच अंधार.

मी म्हणालो की मला दिसत नाही.

उस्ताज रमझींना राग आला नाही. आला असता तर बरं झालं असतं. ते मऊ आवाजात म्हणाले, "उस्ताज नासेफ, बावीस वर्षं न बघता सही केलीत. आज निदान बघायचा प्रयत्न तरी केलात. करा सही." मी सही केली. दाखला मिळाला. मी मागवलेली मशब्बक मिठाई सगळ्यांनी खाल्ली, मॅडम अफाफनी घरीही नेली, आणि जाताना तिघांनी माझ्या निष्ठेची तारीफ केली. मी चादरी काढायला लागलो. उम्म हिशाम कप गोळा करायचं सोडून अजून त्या नळीत बघत होती आणि अर्ध्या अर्ध्या मिनिटानं मला बटण दाबायला सांगत होती. मी दाबत होतो. मग तिनं डोळा न काढता विचारलं, "हे इतकं सुंदर आहे, तर मुलींना का नाही दाखवत?" फुटलं तर कोणता फॉर्म किती प्रतींत भरावा लागतो हे मी तिला सांगणार होतो. मग नाही सांगितलं.

असो. हकिगत ही अशी आहे. तुमच्या गच्चीवरच्या मंडळींना दाणे माझ्या नावानं घाला, हाज्जांना आणि मुलींना सलाम सांगा, आणि डावा गुडघा जपा. तुमच्या आशीर्वादानं माझी पाटी कोरी आहे.

तुमचा मामेभाऊ आणि कालपरवापर्यंतचा ताबेदार,
नासेफ

ता. क. चार्ज तुमच्या भाच्यानं, राफतनं घेतला. चांगला माणूस आहे, चौतिशीचा, डोळे तरुण. मी त्याला म्हटलं, ये, दिवा लावून दाखवतो. तो बटणापासून दोन हात लांब उभा राहिला आणि म्हणाला की उस्ताज, समितीनं पट्टी फाडली आहे, पहिल्यांदा ती चिकटवू. त्यानं खोक्यावर रुंद चिकटपट्टी मारली, वर स्वतःची सही केली आणि आता हा खोका मी माझ्या निवृत्तीलाच उघडेन म्हणाला. सव्वीस वर्षं आहेत अजून. त्यानं हे कुणाकडून उचललं ते मला माहीत आहे, कारण प्रशिक्षणाचे चार आठवडे तो माझ्याच शेजारी बसत होता. तो माझं ऐकणार नाही. तुमचं ऐकेल. त्याला सांगा की वस्तू फुटते तेव्हा दोन प्रतींत फॉर्म भरावा लागतो, बस. मी आयुष्यभर पाच सांगत आलो.

पुन्हा ता. क. तुमचे जावई अजूनही डोळ्यांची शस्त्रक्रिया करतात ना? मी गेली सहा वर्षं सगळ्यांना सांगत आलो की डोळ्याला सुरी लावू देणार नाही, आहे तेवढं दिसतं ते पुरे. शाळा उघडायच्या, म्हणजे सप्टेंबरच्या आत होईल का ते विचारून ठेवा. समीहाला मी फक्त आंबे आणायला इस्माइलियाला जातो म्हणून सांगितलं आहे, तेव्हा घरी फोन करून काही बोलू नका.

आणखी एक, मग खरंच थांबतो. हे पत्र पाकिटात घालण्याआधी नहलानं बघितलं. ती तिच्या मुलांना घेऊन आली होती. तुमचा चार्ज घेऊन मला काही वर्षं झाली तेव्हा ती त्याच शाळेत शेवटच्या वर्षाला होती, आणि एकदा दुपारी माझ्या टेबलापाशी येऊन म्हणाली होती, बाबा, हायड्रोजनचा दिवा एकदा दाखवा ना. मी तिलाही फॉर्मचं सांगितलं होतं. आता तिनं सगळं वाचून घडी घातली आणि हसत म्हणाली की मला त्या प्रश्नाला पैकीच्या पैकी गुण होते, बाबा. मी लिहिलं होतं, 'प्रयोगात चार रेघा स्पष्ट दिसतात.' म्हणजे माझ्या घरात खोटी सही माझ्या एकट्याची नाही, आणि तिची मीच करायला लावली. ती पस्तिशीची आहे, तिला चारही दिसतील. राफतला सांगा की शाळा उघडली की पहिल्या दिवशी, मुली यायच्या आधी, अर्ध्या मिनिटासाठी दिवा लावू दे. माझे डोळे तोवर झाले नाहीत तरी चालेल. बटण मी दाबीन, ती बघेल.

नासेफ